खांबांमधला भराव

सुरतेच्या गोपीपुऱ्यात किंवा शाहपोरमध्ये एखादं जुनं घर उतरवायला काढलं की आधी भिंती जातात. विटा घमेल्यांतून खाली येतात, चुन्याचा गिलावा पोपडे धरून सुटतो आणि काही दिवसांत समोर उरतो तो नुसता सागवानी सांगाडा. दगडी तळखड्यांवर टेकलेले खांब, खांबांच्या माथ्यावर कोरीव हस्त, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या. घर अजून उभंच असतं. जिना चढून वर जाता येतं, झरोक्याच्या जागी उभं राहता येतं. गेलेल्या भिंतींनी घराचं काहीच उचललेलं नव्हतं, हे रस्त्याने जाणाऱ्यालाही त्या दिवशी कळतं. मग जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, खांबांवरून हात फिरवतो, हस्तावरची नक्षी न्याहाळतो आणि भाव करतो. विटांबद्दल कुणी विचारत नाही.

बाजाराचा हा हिशेब तत्त्वज्ञानाला परका नाही. जे पेलतं ते खरं. जे नुसतं मधली जागा भरतं ते कधीही काढावं, कधीही घालावं. आत्मा आणि देह, तत्त्व आणि आचार, भक्ती आणि कर्मकांड अशा जोड्या लावताना आपण नकळत खांब आणि भराव हीच विभागणी करतो, आणि बहुतेक वेळा खांबाची बाजू घेतो. सुरतेत ही विभागणी तपासून पाहण्यासारखी आहे, कारण इथे ती लाकूड-विटांत झाली तशी धर्मातही झाली. धर्मात ती करणाऱ्यांपैकी एक जण मराठी व्याकरणाचा आद्य ग्रंथकार म्हणून आपल्या चांगलाच ओळखीचा आहे.

आधी घराचं बघू. पुण्याचे वाडे आणि सुरतेची जुनी घरं बांधणीच्या बाबतीत एकाच पंथातली. भार सगळा लाकडी चौकटीवर, आणि मधे विटांचा भराव. वाड्यात दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि खोली केवढी हे खणांत सांगतात, म्हणजे मोजमाप रिकाम्या जागेचं होतं. सुरतेला साग मिळे तो डांगच्या जंगलातून. तिथल्या जहाजबांधणीलाही तोच साग. मुंबईची गोदी उभी करायला १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया गेले ते सुरतेहूनच. खुद्द डांगात मात्र विटांचा थाट नव्हता. खांब जंगलातल्या लाकडाचे आणि भराव कुडाचा. बांबूच्या कामट्या उभ्या-आडव्या विणायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. पावसाळ्यात कूड खालून कुजतो, उधई लागते. मग तेवढाच भाग काढून नवा बांधायचा. खांब आजोबांचा असतो आणि कूड गेल्या वर्षीचा, आणि त्या घरात राहणाऱ्या कुणालाही आपण दोन वेगवेगळ्या वयांच्या घरांत राहतो असं वाटत नाही.

थंड मुलखांत हाच भराव ओंडक्यांचा असतो. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर अशी जुनी घरं अजून आहेत: उभे खांब, खांबांना दोन्ही बाजूंनी उभ्या खाचा, आणि त्या खाचांत वरून एकावर एक सोडलेले आडवे लाकडी तुकडे. कॅनडात हडसन्स बे कंपनीने आपल्या वखारी याच पद्धतीने बांधल्या. या कंपनीला सनद मिळाली मे १६७० मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिवाजी महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर चालून गेले. योगायोग एवढाच, त्याला काही अर्थ चिकटवायचं कारण नाही. पण वखारवाल्यांना ही पद्धत का आवडली हे सांगण्यासारखं आहे. पूर्ण भिंतीच्या लांबीचे ओंडके आणायला मोठी झाडं आणि पुष्कळ माणसं लागतात. खांबांमध्ये भरायला आखूड तुकडे पुरतात, दोन माणसं ते उचलतात, आणि वखार हलवायची झाली तर सगळं सुटं करून दुसरीकडे जोडता येतं.

यात एक मेख आहे. लाकूड वाळताना आडव्या अंगाने आटतं, लांबीत जवळजवळ आटत नाही. खांब उभा, म्हणून त्याची उंची कायम. ओंडके आडवे, प्रत्येक थोडा आटतो आणि सगळी भिंत हळूहळू खाली बसते. म्हणून जाणता सुतार ओंडके खांबाला खिळत नाही. ओंडक्याच्या टोकाला जीभ काढतो, ती खाचेत सैल सरकेल एवढी तासतो, आणि तुळईखाली बसायला जागा ठेवून वरची फट एका फळीने झाकतो. ज्याने मजबुतीच्या हौसेने खिळे ठोकले, त्याचे ओंडके जागच्या जागी लटकतात, एकमेकांपासून सुटतात आणि प्रत्येक जोडातून वारा शिरतो. भराव टिकवायचा तर त्याला खांबापासून थोडं मोकळं सोडावं लागतं. ही गोष्ट पुढे धर्माच्या बाबतीत कामाला येईल.

आता तत्त्वज्ञांकडे. सुरतेच्या उत्तरेला भरूच, म्हणजे प्राचीन भृगुकच्छ. ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात नोंद आहे की या बंदरात मिनँडर राजाची नाणी चलनात होती. हाच आपला मिलिंद. भिक्खू नागसेनाने त्याला विचारलेला रथाचा प्रश्न प्रसिद्ध आहे: कणा म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला आणि शेवटी कबूल झाला की ‘रथ’ हे सगळ्या भागांच्या मेळाला दिलेलं व्यवहारातलं नाव आहे, त्यापलीकडे रथ नावाची वस्तू सापडत नाही. गोपीपुऱ्यातलं घर या हिशेबाने खांबातही नाही आणि विटांतही नाही.

न्याय-वैशेषिकांना हे मंजूर नव्हतं. त्यांच्या मते अवयव जुळले की त्यांच्याहून वेगळी अशी नवीच वस्तू जन्माला येते, तिला ते अवयवी म्हणतात. पण मग एक अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट आणि नवा उत्पन्न. एक वीट काढून दुसरी घातली की घर नवं! हा कडक नियम वाचताना महापालिकेच्या नगररचना खात्याची आठवण होते. दुरुस्तीचा परवाना कुठवर चालतो आणि नवं बांधकाम कुठून धरायचं, हा तंटा तिथे रोजचा आहे, आणि नैयायिकांइतकी निःशंक व्याख्या अजून कुठल्याच नियमावलीला जमलेली नाही.

अद्वैत्यांचा ओढा उलट दिशेने. माती खरी, घट-शराव ही नावं. म्हणजे पुन्हा खांबाचीच बाजू, फक्त खांब आणखी खोल नेलेला.

गोपीपुऱ्याच्या गल्ल्यांत जी विचारपरंपरा आजही पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते, ती जैनांची. ती या वादात वेगळ्या जागी उभी राहते. जे आहे ते एकाच वेळी उपजतं, नाहीसं होतं आणि टिकतंही, असं उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात मांडलं. समंतभद्रांनी आप्तमीमांसेत त्याला दृष्टांत दिला: सोन्याचा घट मोडून मुकुट केला, ज्याला घट हवा होता त्याला दुःख झालं, ज्याला मुकुट हवा होता त्याला आनंद झाला, आणि ज्याला सोनंच हवं होतं तो होता तसाच राहिला. तिघांचीही भावना खरी. इथे सोनं खरं आणि आकार खोटा असं म्हटलेलं नाही, ही यातली महत्त्वाची गोष्ट. पर्याय म्हणजे द्रव्यावर चढवलेला मुखवटा नव्हे. द्रव्य कुठल्या ना कुठल्या पर्यायातच सापडतं. आकार नसलेलं सोनं कुणी पाहिलंय? तसंच, कशाचाही भराव नसलेलं घर चार दिवस उभं दिसतं खरं, पण ते उतरवायला काढलं आहे म्हणून.

जैनांत जीर्णोद्धाराचं पुण्य नवं मंदिर बांधण्याच्या आठपट सांगतात. सुरतेत शाहपोरचं चिंतामणी पार्श्वनाथाचं लाकडी देरासर अशा जपणुकीमुळेच आज पाहता येतं. रंगवलेले खांब आणि कोरीव फळ्या यांच्यासाठी ते नावाजलेलं आहे. पण जीर्णोद्धार म्हणजे नेमकं काय टिकवायचं, यावर गुजरातेत सगळीकडे एकच उत्तर दिलं गेलं नाही. पुष्कळ ठिकाणी लाकूड काढून संगमरवर आला. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकाच्या अखेरचा लाकडी मंडप तर १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. घुमट, तुळया, नाचणाऱ्या आकृती सगळं तिथे जाग्यावर जोडलेलं आहे, आणि लोक त्याखाली उभे राहून मान वर करून फोटो काढतात. मंदिर मात्र पाटणमध्ये आहे, कारण प्रतिष्ठा केलेली मूर्ती तिथे. कलेचा अभ्यासक सांगाड्याला मंदिर म्हणेल, श्रावक म्हणणार नाही. पेलणारं लाकूड हे मंदिराचं सार नव्हतं, असा कौल इथे भक्तांनीच दिला.

पारशांनी तर हे आणखी पुढे नेलं. इराणशाह हा त्यांचा सर्वांत जुना पवित्र अग्नी संकटांच्या काळात जागा बदलत राहिला. १७३३ ते १७३६ तो सुरतेत होता, १७४२ पासून उदवाड्याला आहे. इमारती बदलल्या, लाकूड रोज नवं, राख रोज जुनी, आणि अग्नी तोच. त्या अग्नीला खांब नाहीच. आहे ते सगळं रोजचं भरण.

मराठी घरात मात्र खांबाचा मान मोठा. लग्नाचा मांडव घालायचा तर आधी मुहूर्तमेढ. एका खांबाला हळदकुंकू लावून, आंब्याचे डहाळे बांधून तो रोवला की मांडव झाला असं धरायचं. बाकीचं कापड आणि बांबू मागाहून येतात. पण सुरतेच्या दक्षिणेला डांग-वलसाडपासून पालघरपर्यंत पसरलेल्या वारल्यांच्या घरी जाऊन पाहावं. तिथे लग्नाचा चौक मांडला जातो तो कुडाच्या भिंतीवर. कूड आधी शेणाने सारवतात, त्यावर गेरू. सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पाण्यात काडी बुडवून चौकोन आखतात, त्याच्या कडांना नक्षी भरतात आणि मधोमध पालघट देवी काढतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. देवी बसते ती खांबावर नव्हे, भरावावर. दोन-चार पावसाळ्यांत बदलावा लागणाऱ्या, शेणमातीने लिंपलेल्या, कुठलाही भार न पेलणाऱ्या कुडावर. जे टिकत नाही त्यावर देवीला बसवायचं आणि ती पुन्हा येईल अशी खात्री बाळगायची, यामागचा विश्वास मुहूर्तमेढीच्या विश्वासापेक्षा कमी घट्ट आहे असं कोण म्हणेल?

हे सगळं मनात ठेवून १८४४ च्या सुरतेत जावं.

त्याआधी सात वर्षं, २४ एप्रिल १८३७ रोजी, माछलीपीठ भागात एका पारशी गृहस्थाच्या घरी उकळतं डांबर सांडलं आणि लाकडाने पेट घेतला. एकमेकांना खेटून उभी असलेली लाकडी चौकटीची घरं, एप्रिलचा कोरडा वारा. नऊ हजारांहून अधिक घरं जळाली, पाचशेहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. आगीत लाकूड जातं आणि विटांचे ढीग उरतात. पुरात मातीचा भराव विरघळतो आणि सागाचे खांब उभे राहतात. एका वर्षात सुरतेने दोन्ही पाहिलं. श्रीमंत व्यापाऱ्यांची पावलं मुंबईकडे वळत होतीच, ती आणखी भराभर पडू लागली.

या खचलेल्या शहरात दादोबा पांडुरंग तर्खडकर शिक्षक होते. मराठी व्याकरणाचं त्यांचं पुस्तक १८३६ सालीच निघालेलं, वय तिशीच्या आसपास. सुरतेचेच शिक्षक दुर्गाराम मंछाराम मेहताजी आणि आणखी काही मित्र यांच्यासह त्यांनी जून १८४४ मध्ये मानवधर्म सभा काढली. दुर्गाराम भुताखेतांच्या आणि मंत्रतंत्रांच्या मागे लागलेले. मांत्रिकांना भर सभेत शक्ती दाखवण्याचं आव्हान देत. दादोबांचा पिंड वेगळा. व्याकरणकाराला शोभेल असाच: हजार रूपांखाली चालणारा नियम शोधायचा. त्यांचं धर्मचिंतन ‘धर्मविवेचन’ या पुस्तकात आहे. ईश्वर एक, मनुष्यजात एक, खरा धर्म नीती आणि प्रेमाचा, प्रत्येकाला विचाराचं स्वातंत्र्य, वागणं बुद्धीला धरून. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती हे धर्म बाहेरून वेगळे दिसतात ते भरावामुळे. भराव काढा, खांब सारखेच सापडतील. सभेचं म्हणणं थोडक्यात एवढं होतं, शब्द आजचे असले तरी.

हे म्हणणं खोटं नव्हतं. जातिभेद हा धर्माचा आधारखांब आहे, तो काढला तर छत कोसळेल, असं सांगणारे शास्त्री तेव्हा गल्लोगल्ली होते. दादोबांनी जवळ जाऊन पाहिलं आणि सांगितलं की ही मागाहून घातलेली भिंत आहे, हिच्यावर काही उभं नाही. विधवेचं केशवपन, समुद्र ओलांडण्याचा निषेध, विटाळ: ज्या ज्या गोष्टी खांब म्हणून रंगवल्या होत्या त्या त्यांनी ठोकून पाहिल्या आणि पोकळ निघाल्या. भरावाला खिळे ठोकून खांबाशी एकजीव करण्याचा सनातन्यांचा उद्योग हा त्या अडाणी सुताराचाच. बाहेरून घट्ट, आणि जोडाजोडातून वारा.

सभा चालली नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला, आणि सुरतेतली सभा संपली. मुंबईत १८४९ साली परमहंस सभा निघाली. विचार तेच, अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. ही सभा गुप्त होती. सभासद होणाऱ्याने ख्रिस्त्याच्या हातचा पाव खाऊन जातिभेद मानत नसल्याची साक्ष द्यायची. पावाचा एक तुकडा! कर्मकांड नको म्हणणाऱ्यांनाही दारातून आत येण्याची खूण म्हणून एक विधी लागलाच, आणि तो त्यांनी घडवला तो निषिद्ध मानलेल्या वस्तूतून. पण त्या पावापलीकडे त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. उघड देऊळ नाही, सण नाही, बायकामुलांना सांगता येईल असा रोजचा आचार नाही. घरी गेले की ते पुन्हा सोवळ्यात जेवायला बसत. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा एका झटक्यात विखुरली. भित्रेपणा होता हे खरं, त्या काळच्या बहिष्काराची धास्तीही खरी. पण जिथे नुसते खांब आहेत आणि भिंत एकही नाही, तिथे वादळात आसऱ्याला थांबणार कोण?

भराव भार पेलत नाही, हे वाक्य अभियांत्रिकीच्या वर्गातही दीडशे वर्षांनी शिकवलं जात होतं. आर.सी.सी. इमारतीत भार खांब आणि तुळयांवर. मधल्या विटांच्या भिंती हिशेबात फक्त वजन म्हणून धरायच्या. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला आणि शेकडो किलोमीटरवर अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या पुष्कळ इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला होता. वरच्या सगळ्या मजल्यांत खांबांमध्ये भिंती होत्या, खाली नुसते खांब. धक्का बसला तेव्हा वरचे मजले एकजीव पेटीसारखे हलले आणि सगळी मोड तळमजल्याच्या खांबांत झाली.

कारण असं: चौकट आडवी हलते तेव्हा खणाचा आयत तिरका होऊ बघतो. खणात भिंत असेल तर ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दाबली जाते आणि एखादा तिरका टेकू द्यावा तशी चौकटीला अडवते. रोजच्या दिवशी ती काहीच उचलत नाही, आणि उभ्या भाराचाच हिशेब मांडणाऱ्याला ती दिसतही नाही. त्यानंतरच्या २००२ च्या भारतीय मानकाने मोकळ्या तळमजल्याच्या खांबांना अडीचपट बळ धरायला सांगितलं, आणि २०१६ च्या सुधारणेत भरावाच्या भिंतीला तिरका टेकू मानून हिशेबात घेण्याची रीत आली. तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपात जुनी लाकडी चौकटीची, विटा भरलेली घरं पुष्कळ ठिकाणी शेजारच्या काँक्रीटच्या इमारतींपेक्षा बरी टिकली. त्यांचा चुना-मातीचा भराव ठिकठिकाणी तडकला, आणि तडकण्यातच धक्क्याचा जोर जिरला.

संप्रदायांचा इतिहास या हिशेबाने वाचला तर काही गोष्टी नीट लागतात. एकादशीचा उपवास, देवघरातली सांजवात, रमजानमधली पहाटेची उठाठेव, पर्युषणातलं प्रतिक्रमण: यांतलं काहीही ईश्वराच्या अस्तित्वाला किंवा नीतीच्या नियमाला टेकू देत नाही. ते गेलं तरी तत्त्व उभं राहतं, असं कुठलाही तार्किक सिद्ध करून देईल. घरातलं माणूस जातं, गाव बुडतं, परमुलखात पोट भरायला यावं लागतं, तेव्हा जोर आडवा येतो, आणि तेव्हा ही माणसं तत्त्वाला धरून नव्हे, सांजवातीला धरून उभी राहतात. सुरतेच्या लिंबायत-उधनाकडे खानदेशातून कामाला आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. मागांच्या खडखडाटातून सुटून ती दहा दिवसांचा गणपती बसवतात आणि कानबाईचा उत्सव मांडतात. अहिराणीत गाणी म्हणतात, रोट करतात. ब्रह्म एक आहे हे त्यांना कुणी नाकारायला सांगितलेलं नाही. पण तेवढ्यावर परमुलखातल्या भाड्याच्या खोलीचं घर होत नाही.

दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज काढला. सिद्धांत बरेचसे जुनेच: एक ईश्वर, मूर्तिपूजा नाही, जातिभेद नाही. पण या वेळी खण मोकळे ठेवले नाहीत. साप्ताहिक उपासना आली, प्रवचन आलं, मंदिराची इमारत आली, आणि मुख्य म्हणजे तुकोबांचे अभंग आले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर उपासनेत अभंगावर निरूपण करत. ब्राह्मो विचारांची प्रेरणा बंगालची, भराव मात्र देहू-आळंदीच्या मातीतला. प्रार्थना समाज कधी जनसामान्यांचा झाला नाही, हे मान्यच करायला हवं. वारीतल्या टाळकऱ्याला गिरगावच्या उपासनेत परकंच वाटलं असतं. तरी तो परमहंस सभेसारखा एका यादीने उडून गेला नाही. रात्रशाळा, अनाथाश्रम, स्त्रीशिक्षण अशी कामं त्यातून उभी राहिली आणि पुढची अनेक वर्षं चालली.

सुरतेचा कवी नर्मद याचा प्रवास आणखी बोलका. तरुणपणी ‘दांडियो’ या पत्रातून रूढींवर आसूड ओढणारा हा माणूस उतारवयात ‘धर्मविचार’ लिहून परंपरेकडे वळला. सुधारकांनी त्याला पळपुटा म्हटलं, सनातन्यांनी तो आपला झाला म्हणून आनंद मानला. दोघांनीही घाई केली. पाडलेल्या भिंतीच्या जागी काय घालायचं हा प्रश्न त्याला पडला असेल तर तो प्रामाणिक होता. पाडलेलीच भिंत जशीच्या तशी परत उभारणं हे त्याचं उत्तर दुबळं होतं.

दादोबांचं उत्तर तसं नव्हतं. त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर ‘यशोदा पांडुरंगी’ ही विस्तृत टीका लिहिली. ज्याने धर्माच्या भिंती ठोकून पाहिल्या, त्यानेच एका भक्ताच्या आर्जवातला शब्दन्‌शब्द सोडवून दाखवला, समास, अलंकार, पुराणातले संदर्भ सगळ्यांसह. आणि मग, १८७८ मध्ये, मृत्यूच्या चार वर्षं आधी, त्यांचं एक इंग्रजी पुस्तक निघालं: इमॅन्युएल स्वीडनबोर्गच्या ग्रंथांवर एका हिंदू गृहस्थाचं चिंतन. स्वीडनबोर्ग हा अठराव्या शतकातला स्टॉकहोमचा खाणतज्ज्ञ, आयुष्याच्या उत्तरार्धात द्रष्टा झालेला. एकेश्वरी, बुद्धिनिष्ठ दादोबा त्याच्याकडे कसे वळले याचं त्यांच्या चरित्रकारांना नवल वाटत आलं आहे. पण स्वीडनबोर्गचा स्वर्ग हा नुसत्या तत्त्वांचा स्वर्ग नाही. १७५८ च्या आपल्या ग्रंथात त्याने देवदूतांची घरं वर्णन केली आहेत. त्यांत निजायच्या खोल्या आहेत, बसायच्या खोल्या आहेत, सभोवती अंगण आहे, फुलझाडांचे वाफे आहेत, आणि दाट वस्ती असेल तिथे घरं एकमेकांना लागून, गल्ल्या आणि चौकांसह, एखाद्या शहरासारखी मांडलेली आहेत.